आधी हूटगळ्ळी

फोटो लपवता येतो. माणूस कुठं लपवणार?

दसऱ्याच्या सकाळी पुरण वाटता वाटता वेदवतीबाईंना हाच एक प्रश्न छळत होता. गेली आठ वर्षं त्यांच्या घरात एक रीत पडून गेली होती. उपेंद्र जेवायला येणार म्हटलं की हॉलमधला लेकाचा, कार्तिकेयचा, फोटो खिळ्यावरून उतरायचा आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात जायचा. जेवण होऊन, विडा खाऊन उपेंद्र हूटगळ्ळीच्या बसमध्ये चढला की फोटो डब्यातून निघायचा, पदरानं पुसला जायचा आणि परत आपल्या जागी. ही रीत कुणी ठरवलेली नव्हती आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नसे. पण स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय हे ज्यांना कधी आठवत नसे, ते त्यांचे यजमान चिदंबररावसुद्धा त्या दिवशी न सांगता स्टूल आणून खिळ्याखाली ठेवत.

आज दोघंही येणार होते. उपेंद्र दर दसऱ्यासारखा आपट्याची पानं घेऊन, आणि कार्तिकेय राष्ट्रपतींची माफी घेऊन.

त्या रेल रोकोबद्दल या घरात बोलायचं काही शिल्लक नव्हतं. कृष्णराजनगर स्टेशनाच्या अलीकडे पक्षाच्या पोरांनी गाडी अडवली, गाडी थांबता थांबता दगड सुरू झाले, आणि पहिला दगड वेदवतीबाईंच्या लेकाचा होता. तो इंजिनाची काच फोडून आत गेला. आत उपेंद्र होता, मिरजेहून बदलून आलेला लोको पायलट. त्याचा डावा डोळा गेला. डोळ्याबरोबर इंजिनही गेलं, कारण एका डोळ्याच्या माणसाच्या हाती कुणी गाडी देत नाही. तेव्हापासून तो ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावतो.

वेदवतीबाई दुसऱ्याच दिवशी साराचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या. आपण कोण हे सांगायचं धैर्य झालं नाही. उपेंद्रच्या बायकोला, विभावरीला, कन्नडचं अक्षर येत नव्हतं, आणि डॉक्टर काय म्हणतात ते सांगायला कुणीच नव्हतं. म्हणून या मध्ये उभ्या राहिल्या आणि इकडचं तिकडं सांगू लागल्या. खरं कळल्यावर विभावरीनं डबा कॉरिडॉरमध्ये फेकून दिला. संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा ती जिन्यात बसलेल्या वेदवतीबाईंकडे येऊन एवढंच म्हणाली, "चला, ते काय म्हणतायत सांगा." तिथून जे सुरू झालं त्याला नाव काय द्यायचं ते दोन्ही घरांना आजतागायत सुचलेलं नाही. उपेंद्र त्यांना वेदाक्का म्हणतो, भाऊबीजेला ओवाळून घेतो, आणि सारात गूळ कमी पडला तर तोंडावर सांगतो. फक्त कार्तिकेयचं नाव तो काढत नाही आणि या घरातलेही काढत नाहीत.

"वहिनी, आरतीचं ताट स्वल्प मोठं घ्या," विजयेंद्र आत येता येता म्हणाला. चिदंबररावांचा हा धाकटा भाऊ सकाळपासून तिसरी कोरी लुंगी नेसून तिसऱ्यांदा आला होता. "टीव्हीवाले येणार. जीप अग्रहार सर्कलपर्यंत आली की पोरं फोन करतात म्हटल्येत. तमटेवाले आहेत वाजवायला, हार आहे, काही कमी ठेवलो नाही मी."

"काल संध्याकाळी सुटला तो," वेदवतीबाई वर न बघता म्हणाल्या. "रात्रभर पक्षाच्या ऑफिसात ठेवलास. आईकडं आणायचं सोडून."

"दसऱ्याच्या दिवशी घरी येणं म्हणजे कसं, वहिनी, शोभतं."

"कुणाला शोभतं, काका?" सुप्रीतानं विचारलं. ती बोंबेहब्बाच्या, म्हणजे दसऱ्यातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्यांसमोर बसून राजाराणीच्या बाहुल्यांना हळदकुंकू लावत होती. कार्तिकेयची ही धाकटी बहीण कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे गेला आठवडाभर तिचं डोकं तापलेलं होतं. "मी वर्गात कलम बहात्तर शिकवते. माफी का असते, तर न्यायाची चूक कुणीतरी दुरुस्त करायला पाहिजे म्हणून. परवा एक पोरगी विचारली, मिस, यात चूक कुठली होती? काय सांगू तिला? काचच चुकली, दगडाच्या वाटेत आली म्हणून सांगू?"

"सात वर्षं आत होता तो! दहातली सात!"

"बारा लोक सुटले. बाराच्या बारा तुमच्या पक्षाचे. त्याच तुरुंगात दुसऱ्या कुणाचं वय झालं नाही? दुसऱ्या कुणाला आई नाही?"

"अय्यो, ही टीव्हीवर जायला पाहिजे होती," विजयेंद्र भावाकडे वळून म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "सुप्री, तू बरोबर असशील. मी शिकलेला नाही. पण दर महिन्याला बसनं बेंगळुरूला कोण गेलं? मी. त्याचे केस पांढरे झालेत, कानाजवळ. तू बघितलीस? तुझे अण्णा बघितले? मी बघून आलो आणि बसमध्ये रडलो. म्हणून ज्याचे पाय धरायचे त्याचे धरलो. लाज नाही मला त्याची."

ते खरं होतं. चिदंबरराव एकदाही तुरुंगात गेले नव्हते, आणि त्यांच्यामागे घरातलं दुसरं कुणीही गेलं नव्हतं. शिक्षा संपव आणि घरी ये, दार उघडं आहे, असं त्यांनी कोर्टाच्या आवारात लेकाला सांगितलं होतं, आणि शाळामास्तर असल्यामुळे ते त्या शब्दाला चिकटून राहिले होते. पण पहाटे उठून त्यांनी मागच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलं होतं, हे फक्त वेदवतीबाईंनी पाहिलं होतं.

"विजू म्हणतो त्यात तथ्य आहे," ते आता म्हणाले. "त्यानं केलं, आपण केलं नाही. पण मला एक कळत नाही. शिक्षा संपली की ये म्हटलो होतो. ही संपली म्हणायची, का कुणीतरी पुसून टाकली म्हणायची?"

"अण्णा, पोरगा येतोय. व्याकरण नंतर बघा की," विजयेंद्र म्हणाला.

"आणि उपेंद्र?" चिदंबररावांनी विचारलं.

वेदवतीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोन लावला.

"विभावरी, तुम्ही येताय नव्हे? पुरण झालं."

पलीकडून विभावरीचा हळू आवाज आला. "अक्का, हे सकाळपासून आपट्याची पानं पुसतायत. एकेक पान. येणार की नाही विचारलं तर बोलत नाहीत. तुम्हाला खरं सांगू का? माफीचं त्यांना एवढं लागलेलं नाही."

"मग?"

"तुम्ही गेल्या मंगळवारी आलात, आमच्याकडे पोळ्या लाटल्यात, दोन तास बसलात. तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना? आम्हाला बुधवारी पेपरात कळलं."

फोन ठेवल्यावर वेदवतीबाई स्टुलावर बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आठ वर्षं दोन्ही घरांनी मूठ झाकून ठेवली, म्हणून तर एकमेकांच्या हातचं जेवता आलं. मंगळवारी तोंडाशी आलेलं त्यांनी त्याच सवयीनं गिळलं होतं. उगाच त्याला त्रास नको, एवढंच मनात होतं. आता वाटत होतं की आपण शेजारणीला चोरून केलेल्या भिशीसारखी लेकाची सुटका त्याच्यापासून लपवली. त्यांनी सुप्रीताकडे पाणी मागितलं.

*

हूटगळ्ळीच्या नव्या वस्तीत, जिथं अजून निम्म्या प्लॉटांवर गवतच आहे, तिथल्या वरच्या मजल्यावर उपेंद्र गॅलरीत बसला होता. समोर ताट, ताटात आपट्याची पानं. रेल्वे क्वार्टर्समागच्या झाडाची ती पानं तो दर दसऱ्याला स्वतः तोडून आणायचा, आणि वेदाक्कांच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, काड्यांची दर वर्षी त्याच शब्दांत थट्टा करायचा. तुमच्या म्हैसूरचं सोनंसुद्धा काटेरी, अक्का. त्यावर त्या दर वर्षी म्हणायच्या, तुमचं तरी काय, बैलाच्या खुरासारखं. मग दोघं हसायचे आणि चिदंबरराव ऐकू न आल्यासारखं करायचे.

आतल्या खोलीत टीव्हीवर दोन चौकटींतली दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती. आंदोलक म्हणायचं की गुंड, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. सकाळी एका वार्ताहर मुलीनं फोन करून विचारलं होतं, "पीडित म्हणून तुम्हाला काय वाटतं?" आवाज गोड होता बिचारीचा. उपेंद्र म्हणाला होता, "आत्ता विचारताय होय? म्हणजे वरातीमागून घोडं."

त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पोरगा आणखी तीन वर्षं आत सडावा असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानं काही डोळा परत येत नाही, हे त्याला कळत होतं. पण दिल्लीपर्यंत एवढे कागद गेले, एवढ्या लोकांनी विचार केला, आणि हूटगळ्ळीला एक फोन करावा असं एकालाही वाटलं नाही. सरकारला वाटलं नाही हे ठीक. वेदाक्कांना वाटलं नाही, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"कपडे बदलताय का?" विभावरीनं दारातून विचारलं.

"वरणभात लाव," तो म्हणाला. "आज घरीच जेवू."

*

तमट्यांचा आवाज गल्लीत शिरला तेव्हा कार्तिकेय जीपमध्ये उभा होता, कारण बसू नकोस असं त्याला बजावलं होतं. झेंडूच्या हारांनी मान खाजत होती. पोरं त्याच्या नावानं ओरडत होती, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती. ती त्या वेळी शाळेत असतील. सात वर्षांत त्यानं घरी येण्याची ही वेळ पुष्कळदा मनात रंगवली होती, पण त्यात तमटे कधी नव्हते. त्यात फक्त साराचा वास असे.

दारात सगळे होते. अण्णा म्हातारे झाले होते. सुप्रीनं चष्मा घेतला होता. आणि आई पायरी उतरून येत होती, पण तिच्या हातात आरतीचं ताट नव्हतं. बन्नीची एक काडी तेवढी होती.

वेदवतीबाईंनी लेकाकडे पाहिलं. केस खरंच पांढरे झाले होते. विजू खोटं बोलला नव्हता. त्याला ओढून आत घ्यावं, दार लावावं, पाटावर बसवून वाढावं आणि तो जेवताना नुसतं बघत राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. सात वर्षं दुसरं काही मागितलंच नव्हतं देवीकडं.

"हार काढ," त्या म्हणाल्या.

"वहिनी, कॅमेरा..." विजयेंद्र पुढं झाला.

"सुम्निरु, विजू." आवाज मोठा नव्हता, पण तमटेवाल्यांनीसुद्धा हात थांबवले. "कार्तिक, आज कुठला दिवस आहे?"

"दसरा, आई."

"दसऱ्याला काय करतात?"

"बन्नी देतात. मोठ्यांना."

"मोठे येतात का घ्यायला, का लहानानं जायचं असतं?"

बन्नीची काडी त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यांचा हात त्याच्या हातावर जरा जास्तच वेळ राहिला. "आठ वर्षं उपेंद्र आपल्या दारी येतोय. आपण गेलो का कधी? सण म्हटला की त्यानंच यायचं, आपण वाढायचं, आणि फोटो डब्यात घालायचा. मलाही आजच सुचलं हे, आणि मी किती मोठी! हा उंबरा तुझाच आहे. पण आधी हूटगळ्ळी. मग घर."

"आई, मी काय बोलू तिथं?"

"ते मला ठाऊक नाही. मला माझं बोलायचंय. सुप्री, गाडी काढ."

"वहिनी, तोंडाशी आलेला घास बाहेर घालवता तुम्ही!" विजयेंद्र रडकुंडीला आला. "एवढ्या लोकांना मी काय सांगू? ही पोरं, हे तमटेवाले?"

तेव्हा चिदंबरराव खाली आले. त्यांनी लेकाच्या गळ्यातले हार एकेक करून काढले, जीपच्या बॉनेटवर ठेवले, आणि त्याच्या पांढऱ्या केसांवरून एकदा हात फिरवला. "ये जाऊन," म्हणाले. "मी आहे इथं." मग तमटेवाल्यांकडे वळून वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "बर्री, एल्लारू ऊटा माडी. या, जेवून घ्या सगळे. पुरण तयार आहे. विजू, पानं मांड."

*

बेल वाजली तेव्हा उपेंद्रला वाटलं, सकाळची ती वार्ताहर मुलगी असेल. दारात वेदाक्का होत्या, मागं सुप्रीता, आणि तिच्याही मागं जिन्यात, एक पायरी खाली, तो.

"उपेंद्र, आत येऊ का?"

आठ वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. चप्पल काढायच्या आधीच त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. उपेंद्रला ते ऐकून कसंतरीच झालं.

"या," तो म्हणाला. "सगळेच या."

कार्तिकेय दाराशीच उभा राहिला. "सर, त्या वेळची परिस्थिती अशी होती की शेतकऱ्यांच्या..."

"हे टीव्हीवर ऐकलंय मी. पुढचंही पाठ आहे." उपेंद्र खुर्चीत बसला. "मला एक सांग. दगड मारताना मी दिसलो होतो तुला?"

"नाही." तो म्हणाला. "इंजिन दिसलं. आत माणूस असतो हे... सुचलं नाही."

"तू मला दिसला होतास. पिवळा शर्ट होता. हसत होतास, कुणाशी तरी बोलत. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस तू आहेस. त्यानंतर हिलासुद्धा मी एकाच डोळ्यानं बघतोय."

विभावरीनं तोंड फिरवलं. कार्तिकेय जिथं होता तिथंच खाली बसला. त्याला आता परिस्थिती आठवेना. "दिल्लीला पाठवायचा कागद दुसऱ्यांनी लिहिला," तो म्हणाला. "मी सही केलो. तिथं माफी मागितली ती तुमची नव्हे, शिक्षेची. तुमची मी कधी मागितलीच नाही. माफ करा मला." त्यानं काडी पुढं केली. मुठीत घट्ट धरून ठेवल्यानं काटा रुतून तळहातावर रक्ताचा ठिपका आला होता.

उपेंद्रनं त्या हाताकडे पाहिलं. वेदवतीबाईंना वाटलं, आता घेईल.

"आज नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला घेऊ? राष्ट्रपतींना एका सहीत जमलं, त्यांचं ते कामच आहे. मला वेळ लागेल. पुढच्या दसऱ्याला ये. तेव्हा विचार. तेव्हाही नाही म्हटलं तर त्याच्या पुढच्या. पण तू यायचं, पक्षानं नाही."

"येईन."

"ती काडी ठेव त्या ताटात. आपट्याशेजारी."

काडी ताटात गेली. मग वेदवतीबाई पुढं झाल्या. वयानं, मानानं मोठ्या असून त्यांनी हात जोडले. "आणि माझं काय, उपेंद्र? मंगळवारी मी बोलले नाही. तुला त्रास नको म्हणून गप्प बसले, आणि तोच त्रास झाला. मी चुकले."

"हात खाली करा आधी." उपेंद्र ताडकन उठला होता. "तुमचं वेगळं आहे, अक्का. तुमच्यावर चिडून मला सकाळपासून घास गेला नाही. आणि त्या दिवशी काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. पोळ्या कच्च्या होत्या."

"कच्च्या?" वेदवतीबाई डोळे पुसता पुसता थांबल्या. "माझ्या पोळ्या?"

"विभावरीला विचारा."

"होत्या, अक्का," विभावरी म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, काय केलं ते त्यांनाच माहीत.

"आणि आणखी एक," उपेंद्र म्हणाला. "तो फोटो आता तांदळातून काढा. दर वेळी तो रिकामा खिळा माझ्याकडे बघत असतो. एकदा तर अण्णा स्टूल उचलायला विसरले होते, मीच आत नेऊन ठेवलं."

सुप्रीताला हसू आवरेना. वेदवतीबाईंचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. आठ वर्षं आपण कोणाला फसवत होतो, तर फक्त स्वतःला.

"जेवायचं काय?" विभावरीनं विचारलं. "पुरण तुमच्याकडे राहिलं."

"ते तमटेवाले खातायत," सुप्रीता म्हणाली.

मग वरणभातच वाढला. फरशीवर चटया टाकल्या, ताटं मांडली, आणि वेदवतीबाईंनी विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊन तुपाची वाटी शोधून आणली. कार्तिकेय सगळ्यांचं बसून होईपर्यंत उभा राहिला. मग टोकाला भिंतीशी एक जागा उरली होती, उपेंद्रच्या डाव्या हाताला, तिथं तो अंग चोरून बसला आणि मान खाली घातली.

उपेंद्रनं भात कालवला. मग हात थांबवला आणि डावीकडे पूर्ण मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तिथं नको. ताट घेऊन इकडे ये, उजवीकडे बस," तो म्हणाला. "त्या बाजूचं मला दिसत नाही."